आंटी कम्फर्टची रांगेतली जागा

आमच्या लाँड्रीत ड्रायरच्या जाळीवर दर दोन तासांनी कपड्यांचा रुवा साठतो. हाताने सोलला की गादीसारखा अख्खा निघतो. तो टाकून द्यायचा, आणि दोन तासांनी बघावं तर जाळी पुन्हा तेवढीच भरलेली! किश्शांचंही तसंच होतं. मी ते मुद्दाम जमवलेले नाहीत. मी स्वतः फारसं बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्यासमोर निवांत बोलतात, आणि ते साठत जातं. आज जाळी साफ करायला घेतलीय, बसा.

आधी जागा सांगतो. जर्सी सिटी, 2008 साल. स्टेशनजवळच्या उंच बिल्डिंगांमधून आपले पुण्या-नागपूरचे आयटीवाले सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचे, आणि मी त्यांच्या उलट्या दिशेने बसने लाँड्रीत. हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, टॉवेल ट्रकने मळके यायचे, ट्रकने स्वच्छ जायचे. मी बावीस वर्षांचा. भुसावळला नववीत शाळा सोडलेली. आत्याने केलेल्या अर्जावर आई-बाबांबरोबर इकडे आलेलो. माझं काम ड्रायरवर.

त्या वर्षी गणपतीला मंडळात एक काका भेटले. म्हणाले, "कुठे असतोस?"

"लाँड्रीत."

"अच्छा. क्लायंट कोण?"

"हॉस्पिटल्स."

"वा! हेल्थकेअर डोमेन! कुठल्या मॉड्यूलवर आहेस?"

"ड्रायर."

काका जरा विचारात पडले. मग म्हणाले, "नवीन दिसतंय. शिकून घे व्यवस्थित!"

मग त्यांचा ग्रुप अमेरिकेच्या निवडणुकीवर भांडायला लागला. तासभर! मोदक गार झाले. आणि त्यांच्यात इथे मत देऊ शकणारा एकही माणूस नव्हता. सगळे व्हिसावर. मत मीही देऊ शकत नव्हतो म्हणा. भुसावळ सोडलं तेव्हा नुकताच अठराचा झालेलो, आणि इथला नागरिक झालेलो नव्हतो. बावीस वर्षांत मी कुठेच मत दिलेलं नव्हतं.

आमच्या लाँड्रीत मात्र अमेरिकेच्या निवडणुकीवर कुणी भांडत नसे. शिफ्टला एकवीस माणसं, त्यातली बरीचशी घानाची. तो पश्चिम आफ्रिकेतला देश. डिसेंबरात त्यांच्याकडे राष्ट्रपतीची निवडणूक होती, आणि सगळं भांडण तिच्यासाठी राखून ठेवलेलं होतं.

०

या सगळ्यांत मोठ्या आंटी कम्फर्ट. पन्नाशीच्या पुढच्या. आपण मावशी म्हणतो तसं ती माणसं आंटी म्हणतात, त्यामुळे मला सोपं गेलं. त्या डागांच्या टेबलावर असत. मशीनने न गेलेला डाग त्यांच्याकडे यायचा. रक्त, आयोडिन, कॉफी, काहीही. आंटींनी हात टेकले तरच चादर बाद.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू कुठल्या वारी जन्मलास?"

घानात मुलाला जन्मवाराचं एक नाव असतं. मला वार माहीत नव्हता. घरी येऊन आईला विचारलं.

आई म्हणाली, "गुरुवार. दुपारी अडीच. आणि तुझे बाबा तेव्हा मॅटिनीला बसले होते!"

दुसऱ्या दिवशी मी आंटींना फक्त वार सांगितला. तेव्हापासून लाँड्रीत मी याव. गुरुवारी जन्मलेला.

०

शिफ्टमध्ये दोन पार्ट्या होत्या. तशा घानात पार्ट्या बऱ्याच आहेत. मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो आणि निशाण्या ओळीने असतात, पसंतीच्या निशाणीपुढे अंगठा उठवायचा. पण खरा जोर दोघांचा, हत्तीचा आणि छत्रीचा. वॉशरवरचा क्वामे हत्तीचा. इस्त्रीच्या रोलरवरचा एबो छत्रीचा. दोघं एका गाडीतून कामाला यायचे, एका डब्यातलं जेवायचे, आणि जाता-येता सबंध रस्ता भांडायचे.

ऑक्टोबरात क्वामे हत्ती छापलेला टी-शर्ट घालून आला. आता अमेरिकेतही हत्ती एका पक्षाची निशाणी आहे. हे क्वामेच्या ध्यानीमनी नव्हतं. मळके कपडे घेऊन येणाऱ्या ट्रकच्या गोऱ्या ड्रायव्हरने तो हत्ती बघितला, खाली उडी मारली आणि क्वामेचा हातच धरला.

"या बिल्डिंगमध्ये एक तरी शहाणा माणूस आहे! भावा, मागे हटायचं नाही."

"कधीच नाही!" क्वामे म्हणाला.

"लोक काही का म्हणेनात, आपणच जिंकणार."

"आपणच!"

क्वामे छाती काढून आत आला. "बघ एबो! आमचा पक्ष न्यू जर्सीच्या ट्रकवाल्यांपर्यंत पोचला. तुमच्या छत्रीला इथे कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं, आणि एबो ट्रकच्या धक्क्यावर छत्री उघडून उभा! जेवणाची अख्खी सुट्टी उभा राहिला. तिन्ही ट्रक येऊन गेले. कुणीही हात मिळवला नाही.

०

एकदा मी जेवताना भीतभीत विचारलं, "ज्याला जास्त मतं तो जिंकला, एवढंच ना?"

सगळ्यांचे घास थांबले. आंटी उठल्या आणि ट्रॉलीतून शंभर टॉवेल मोजून घेऊन आल्या.

"हे शंभर मतदार." त्यांनी जमिनीवरच ढीग मांडले. "हे सत्तेचाळीस हत्तीचे. हे सेहेचाळीस छत्रीचे. हे सात बाकीच्या लहान पक्षांचे. कोण राष्ट्रपती?"

"हत्ती," मी म्हटलं.

"शाब्बास!" क्वामे म्हणाला.

"चूक!" आंटी म्हणाल्या. "खासदाराला चालतं तसं. ज्याची मतं जास्त तो आत. राष्ट्रपतीला निम्म्याहून जास्त हवीत. शंभरात निदान एक्कावन्न."

"आणि कुणालाच नसतील तर?"

"तर लहान पक्ष घरी. पहिले दोघं उरले. आणि सगळा देश पुन्हा रांगेत."

तेवढ्यात वॉल्टर साहेब आले. आमचे मॅनेजर. साठीचे, उंच, आणि नियमाला पक्के. स्वच्छ टॉवेल जमिनीवर बघून ते जागीच थांबले.

"हे काय आहे?"

"निवडणूक, साहेब," आंटी म्हणाल्या.

साहेबांनी तिन्ही ढीग नीट बघितले. "कोण जिंकलं?"

"कुणीच नाही. सगळे पुन्हा धुवायचे."

०

आता दगडाची गोष्ट. ही आंटींनी एकदाच सांगितली, चादर घासता घासता.

घानात ज्या केंद्राच्या यादीत तुमचं नाव असेल तिथेच जाऊन मत द्यावं लागतं. परदेशातल्या लोकांसाठी कायदा झाला होता, पण तो कागदावरच होता. जर्सी सिटीत काही पेटी आलेली नव्हती. आंटींचं केंद्र म्हणजे कुमासीपासून दोन तासांवरच्या त्यांच्या गावातली प्राथमिक शाळा. मतदान सकाळी सातला सुरू होतं, पण रांग आदल्या दिवशीच लागते. फक्त रांगेत माणसं नसतात, दगड असतात! आपला दगड ठेवायचा, घरी जाऊन झोपायचं, सकाळी येऊन आपल्या दगडाच्या जागी उभं राहायचं. दुसऱ्याचा दगड कुणी हलवत नाही.

2004 साली आंटींना सुट्टी मिळाली नव्हती. त्यांची ऐंशीच्या घरातली आई गावात. तिने दोन दगड ठेवले. एक स्वतःचा, एक लेकीचा. सकाळी रांग सरकायला लागली तशी म्हातारी लेकीचा दगड पायाने पुढे सरकवत राहिली.

मागच्या माणसाने विचारलं, "हे कोण?"

"माझी मुलगी. अमेरिकेतून येतेय."

सरकवत सरकवत तिने तो दगड थेट टेबलापर्यंत नेला. तिथला अधिकारी म्हणाला, "आजी, दगडाला अंगठा नसतो!"

म्हातारी मत देऊन दगड घरी घेऊन गेली. तो तिच्या दाराशी ठेवलेला आहे. आंटी फोन करतात तेव्हा ती आधी दगडाची खुशाली सांगते.

एबो हसला. मीही हसलो. आंटी हसल्या नाहीत. चादर पिळत म्हणाल्या, "या वेळी मी जाणार. मत माझ्या अंगठ्याने देणार."

त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी नियम सांगितला. दोन आठवडे रजा, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला हजेरीचं कार्ड पंच झालं नाही तर जागा दुसऱ्याला. डागांच्या टेबलावर माणूस नसला तर हॉस्पिटलकडून तक्रारी येतात, ते त्यांना परवडणारं नव्हतं. आंटी "ठीक आहे" म्हणाल्या. मतदान डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. दोन आठवडे पुरेसे होते.

०

मग प्रश्न आला, आंटी नसताना डागांचं टेबल कोण बघणार? क्वामे म्हणाला मी. एबो म्हणाला मी. वॉल्टर साहेब म्हणाले, "तुमचं तुम्हीच ठरवा." हे म्हणायला नको होतं!

आंटींनी जाहीर केलं, "मतदान घेऊ. घानाच्या पद्धतीने. अधिकारी याव. त्याला पक्ष नाही."

मी मागे सरकलो. पण आंटींना नाही म्हणणारा माणूस त्या बिल्डिंगमध्ये नव्हता.

डिटर्जंटचा पारदर्शक ड्रम धुऊन पेटी केली. मतदानाआधी मी तो उलटा करून सगळ्यांना दाखवला, आत काही नाही म्हणून. निशाण्या ठरल्या. क्वामेची बादली, एबोचा ब्रश. दोघांचा एकेक माणूस माझ्या दोन बाजूंना बसला, माझ्यावर नजर ठेवायला. करंगळीला लावायच्या शाईचा प्रश्नच नव्हता. चादरींवर हॉस्पिटलचे नंबर घालायचा मार्कर होता, तो शंभर धुण्यांत जात नाही. मत कापडी पडद्याआड. गाऊनचा पडदा.

अधिकाऱ्यालाही मत असतं, असं आंटी म्हणाल्या. मी पडद्याआड गेलो. माझं आयुष्यातलं पहिलं मत! कुणाला दिलं ते विचारू नका, गुप्त असतं.

मग मोजणी. तिथे प्रत्येक मतपत्रिका उघडून, उंच धरून, मोठ्याने सांगायची असते. मी पहिली उघडली.

"बादली."

"ऐकू नाही आलं!" दोन्ही बाजूंनी आवाज.

"बादली."

"याव, मोजणी आहे! कुणाच्या मयताला आलायस का?"

मागे ड्रायर घरघरत होते. मी दुसरी उघडून बघितली, डोळे मिटले आणि ओरडलो, "ब्रश!" इतक्या मोठ्याने मी भुसावळलाही कधी ओरडलो नव्हतो. आंटींनी नुसती मान हलवली. मग मी सगळ्या तशाच ओरडून मोजल्या.

मतपत्रिका निघाल्या बावीस. यादीत नावं एकवीस!

एकच गलका झाला. क्वामे म्हणाला, चोरी. एबो म्हणाला, चोरी. मी सगळ्यांना करंगळ्या वर करायला लावल्या. एकवीस काळ्या करंगळ्या वर झाल्या. आणि दारात वॉल्टर साहेब कॉफीचा कप धरून उभे होते. कपाच्या कानाबाहेर आलेली त्यांची करंगळी काळीकुट्ट!

"रांग दिसली," साहेब म्हणाले. "मी उभा राहिलो."

चूक माझीच. लाजरा माणूस समोरच्याचा चेहरा बघत नाही. मी मतपत्रिका देताना नुसते हात बघत होतो, आणि नजर ठेवणारे दोघं एकमेकांवर नजर ठेवून होते. साहेबांची मतपत्रिका कुठली ते आता कळणं शक्य नव्हतं. म्हणजे सगळं मतदान रद्द. पण हे साहेबांना सांगणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. "साहेब, तुमचं नाव यादीत नाही."

"ही लाँड्री मी चालवतो."

"हो साहेब. पण यादी शिफ्टची आहे."

साहेबांनी आपल्या करंगळीकडे बघितलं. "आणि हे कधी जाणार?"

आंटी म्हणाल्या, "साहेब, तो डाग माझ्याच्यानेही जात नाही!"

फेरमतदान झालं. ब्रश अकरा, बादली दहा. क्वामेने निकालाच्या कागदावर सही केली, तो कागद भिंतीवर चिकटवला, आणि पुढचा महिनाभर माझ्याकडे संशयाने बघितलं.

०

आंटी गेल्या. पहिल्या रविवारी मतदान झालं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीतला फोन वाजला. आंटीच होत्या. एबोने स्पीकर लावला.

"ऐकताय ना? हत्ती पुढे आहे, पण निम्म्याच्या जरासा अलीकडे थांबला. शेवटच्या रविवारी दुसरी फेरी."

क्वामेने कपाळाला हात लावला. एबो टेबलावर चढून नाचला.

"आंटी, तुम्ही सोमवारी येताय ना?" मी विचारलं.

"कशी येऊ? म्हातारीने दोन्ही दगड पुन्हा धुऊन ठेवलेत. मी अर्धं मत देऊन परत यायला आले नव्हते, याव."

एबो टेबलावरून हळूच खाली उतरला. दुसरी फेरी महिनाअखेरीला. आंटींची नोकरी सोमवार सकाळपर्यंत.

साहेबांशी बोलायचं कुणी? क्वामे आणि एबो वर्षात पहिल्यांदा एका मताचे झाले. दोघं म्हणाले, "अधिकारी!"

०

मी रात्रभर इंग्लिश वाक्यं जुळवली. चार झाली. कागद हातात थरथरेल म्हणून मी ती चादरींच्या मार्करने तळहातावर लिहिली. शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

केबिनला कॉरिडॉरच्या बाजूने काच होती. लाँड्रीची धग एवढी की डिसेंबरातही टेबल फॅन चालू. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक हिरवट, गुळगुळीत दगड ठेवलेला असायचा. साहेबांच्या बायकोने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी त्या दगडाकडे बघत उभा राहिलो. एकही वाक्य आठवेना. हळूच तळहात उघडला.

"हातावर काय आहे?" साहेब म्हणाले.

"मुद्दे, साहेब."

त्यांनी माझा हात ओढला, चष्मा लावला आणि स्वतःच वाचले. एक, आंटी बारा वर्षांत एकदाही उशिरा आल्या नाहीत. दोन, त्यांचं टेबल एबो आणि मी सांभाळू, मी माझी शिफ्ट संपल्यावर थांबेन. तीन, एकतीस तारखेला सकाळी त्या पंच करतील. चार, टॉवेल कधीकधी पुन्हा धुवावे लागतात.

चौथ्याशी साहेब थांबले.

"डागाची एकही तक्रार आली नाही तर," ते म्हणाले. "एक गाऊन जरी परत आला, तरी त्या दिवशी मी नवीन माणूस घेणार. आणि एकतीसला सहा म्हणजे सहा."

"थँक यू, साहेब."

"आणि ते धुऊन टाक."

"जात नाही, साहेब."

साहेबांनी आपली करंगळी बघितली. अजून काळीच होती. "माहितेय मला," म्हणाले.

०

सोमवारी मी ट्रकच्या धक्क्याजवळच्या खडीतून मुठीएवढा दगड उचलला आणि पंचिंगच्या मशीनसमोर, रांगेच्या तोंडाशी ठेवला. आंटी रोज पहिल्या पंच करायच्या. एबो आला, दगड बघितला, आणि गुपचूप त्याच्या मागे उभा राहिला. त्याच्या मागे क्वामे. सहा वाजायला पाच मिनिटं होती.

साहेब आले. "हे काय?"

"आंटी कम्फर्ट, साहेब," मी म्हटलं.

"ती इथे नाहीये."

"जागा आहे."

साहेबांनी दगडाला वळसा घातला आणि केबिनमध्ये गेले. पुढे रोज दगड पहिला, आम्ही मागे.

०

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. माझी शिफ्ट दोनला संपायची, मग मी डागांच्या टेबलावर. एबो मनाने चांगला, पण त्याला घाई फार. कॉफीचा डाग तो असा घासायचा की डाग राहायचा आणि कापड जायचं! तिसऱ्या दिवशी क्वामे बादली घेऊन येऊन उभा राहिला.

"तू हरलायस," एबो म्हणाला.

"हरलो म्हणून काय झालं? विरोधी पक्षाला काम नसतं का?"

बादली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. त्या दिवसापासून आम्ही तिघं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रक भरून निघाला, आणि मी टेबलाकडे बघितलं. आयोडिनचा एक गाऊन मी भिजत घालायला बाजूला काढला होता. तो टेबलावर नव्हता, बादलीत नव्हता. कुणीतरी स्वच्छ ट्रॉलीत टाकला होता. म्हणजे ट्रकमध्ये! मी पळालो. ड्रायव्हर तोच, हत्तीवाला. नोव्हेंबरात त्याचा हत्ती हरला होता, तेव्हापासून तो कुणाशी बोलत नव्हता.

मी हात हलवले. "प्लीज, ट्रॉल्या उतरवायच्यात!"

"वेळ नाही," म्हणाला आणि काच वर करायला लागला.

तेवढ्यात क्वामे त्याच टी-शर्टवर, थंडीत, ट्रकसमोर येऊन उभा राहिला. "भावा! मागे हटायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

ड्रायव्हरने हत्ती बघितला. काच खाली आली. "तू अजून घालतोस तो?"

"आपली दुसरी फेरी आहे!"

ड्रायव्हर चक्रावला. "आपल्याला दुसरी फेरी आहे?"

"रविवारी!"

त्याने इंजिन बंद केलं. काय समजला देव जाणे, पण अकरा ट्रॉल्या त्याने स्वतः आमच्याबरोबर उतरवल्या. गाऊन नवव्या ट्रॉलीत सापडला. जाताना ड्रायव्हर शीळ घालत होता. आणि छत्रीवाल्या एबोने सगळ्यांसमोर त्या हत्तीवर हात फिरवला!

तक्रार एकही आली नाही.

०

एकतीस तारीख. रात्रीपासून बर्फ पडत होतं. मी पावणेसहाला पोचलो आणि कॉरिडॉरमध्ये बघतो तर दगड नाही! आदल्या संध्याकाळी फरशी पॉलिश करणारे आले होते, त्यांनी कचरा समजून टाकून दिला असणार. मी पुन्हा बाहेर पळालो. धक्क्याजवळ वीतभर बर्फ. दोन्ही हातांनी उकरलं. खडी गोठून फरशीसारखी झालेली, एक दगड सुटेना. बोटं बधिर झाली. सहाला चार मिनिटं राहिली तेव्हा मी रिकाम्या हातांनी आत आलो.

रांग लागलेली होती. आणि रांगेच्या तोंडाशी दगड होता.

एबो दुसरा उभा होता. "मी नाही ठेवला," तो म्हणाला. क्वामेनेही मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. आंटी! खांद्यावर बर्फ, पायांत बूट, डोक्याला गावाकडचं रंगीत फडकं. आदल्या संध्याकाळी विमानातून उतरलेल्या. त्यांनी डावा हात वर केला. शाई लावलेलं बोट.

"दगड?" मी विचारलं.

"माझ्या हाताने उचलला. म्हातारी माझ्या मागे उभी होती. सगळ्या रांगेला सांगत होती, बघा, आली की नाही?"

"आणि जिंकलं कोण?" क्वामे आणि एबो एकदमच ओरडले.

"अजून कुणीच नाही. मतं इतकी जवळजवळ आहेत, आणि एका मतदारसंघात मतदान राहिलंय. ते झाल्याशिवाय निकाल नाही."

"पुन्हा धुणं!" एबो म्हणाला.

सहाला एक मिनिट होतं. आंटी रांगेच्या तोंडाशी गेल्या. वाकून दगड उचलला, त्याच्या जागी उभ्या राहिल्या, आणि मशीनमध्ये कार्ड सरकवलं. खट्!

मग त्यांनी दगड उजेडात धरून उलटसुलट केला. हिरवट होता. गुळगुळीत. तळाशी मखमल चिकटवलेली.

"हा आपल्या धक्क्यावरचा नाही," त्या म्हणाल्या. "अधिकारी, कोणी ठेवला हा?"

मी काचेकडे बघितलं. केबिनमध्ये पंखा चालू होता. वॉल्टर साहेब दोन्ही कोपरांनी कागद दाबून धरून बसले होते, आणि मान वर न करता अगदी मन लावून वाचत होते.

मी घसा साफ केला, आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "त्यांचं नाव यादीत नाही, आंटी!"